आजार की बेशिस्त? नोकरीतील मानसिक आजार आणि कर्मचाऱ्याचे हक्क

कार्यालयात उशिरा येणे, टेबलावर कागद तुंबणे, साध्या बेरजेत चुका होणे, बैठकीत एकाएकी आवाज चढणे, न कळवता चार-पाच दिवस गैरहजर राहणे या गोष्टी हजेरीपटावर आणि गोपनीय अहवालात बेशिस्त म्हणून नोंदल्या जातात. मानसोपचारशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हीच यादी नैराश्य, चिंताविकार आणि अन्य मानसिक आजारांच्या लक्षणांत सापडते. भारतातील नोकरदारांच्या मानसिक आरोग्याचा प्रश्न बऱ्याच अंशी या दोन नोंदींमधील अंतराचा प्रश्न आहे. २०१६ आणि २०१७ या लागोपाठच्या वर्षांत देशात या विषयाशी निगडित दोन महत्त्वाचे कायदे झाले, आणि २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांवर आधारित एक मूलगामी निकाल दिला. मात्र ज्यांच्यासाठी हे संरक्षण आहे त्यांच्यापैकी अनेकांना, तसेच त्यांच्या वरिष्ठांनाही, त्याची पुरेशी माहिती नसते. परिणामी आजाराचे निदान कागदावर येण्यापूर्वीच ‘कारणे दाखवा’ नोटीस हाती पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगातील कामाच्या वयातील सुमारे १५ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता. नैराश्य आणि चिंताविकार यांमुळे जगभरात दरवर्षी कामाचे सुमारे १२ अब्ज दिवस वाया जातात, असेही या संघटनेने म्हटले आहे. भारतात बंगळुरू येथील ‘निम्हान्स’ या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढ व्यक्ती मानसिक आजाराने ग्रस्त असल्याचे आढळले. उपचारांची गरज असूनही ते न मिळालेल्यांचे प्रमाण निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के होते. उल्लेखनीय बाब म्हणजे या १२ राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा यांचा समावेश नव्हता. त्यामुळे ही टक्केवारी मराठी प्रदेशाला जशीच्या तशी लावणे योग्य ठरत नाही.

एका अधिकाऱ्याचा खटला

केंद्रीय राखीव पोलीस दलात २००१ साली रुजू झालेल्या एका अधिकाऱ्यावर २००९ पासून मंत्रचळ आणि नैराश्य या आजारांसाठी उपचार सुरू होते. २०१० मध्ये वरिष्ठांनी त्याच्याविरुद्ध तक्रार केली. मारण्याच्या किंवा मरण्याच्या विचाराने तो पछाडलेला आहे आणि गोळी झाडण्याची धमकी देतो, असे त्या तक्रारीत म्हटले होते. विभागीय चौकशी सुरू झाली. पुढे आणखी आरोप ठेवण्यात आले. उच्च न्यायालयात एकदा निर्णय त्याच्या बाजूने लागला आणि नंतर तो फिरला. दरम्यान २०१६ मध्ये एका सरकारी रुग्णालयाने त्याला ४० ते ७० टक्के कायमस्वरूपी दिव्यांगत्व असल्याचे प्रमाणित केले. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच अवस्थेविषयी सरकारचे एक खाते आरोपपत्र ठेवत होते आणि दुसरे खाते प्रमाणपत्र देत होते.

हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने १७ डिसेंबर २०२१ रोजी त्याचा निकाल दिला. मानसिक आजारामुळे कामाच्या ठिकाणचे नियम व संकेत पाळण्याची क्षमताच कमी होत असते. साहजिकच अशी व्यक्ती इतर सहकाऱ्यांच्या तुलनेत शिस्तभंगाच्या कारवाईत सापडण्याची शक्यता अधिक असते. त्यामुळे वरकरणी सर्वांना सारखाच असणारा नियम तिच्या बाबतीत अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कारवाईमागे दिव्यांगत्व हे एकमेव कारण असल्याचे सिद्ध करण्याची गरज नाही; अनेक कारणांपैकी ते एक असले तरी कायद्याचे संरक्षण मिळते, असेही स्पष्ट करण्यात आले. न्यायालयाने चौकशीची कार्यवाही रद्द केली. सध्याच्या कामासाठी तो अधिकारी अयोग्य ठरल्यास त्याचे वेतन आणि सेवाशर्ती अबाधित ठेवून त्याला दुसऱ्या पदावर घेता येईल, आणि ते पद शस्त्र हाताळण्याची गरज नसलेले असावे अशी काळजी घेता येईल, असा मार्ग दाखवण्यात आला.

शस्त्राविषयीचा हा तपशील महत्त्वाचा आहे. सहकाऱ्यांच्या सुरक्षिततेची चिंता न्यायालयाने खोटी ठरवली नाही. त्या चिंतेवरचा उपाय बडतर्फी नसून कामाचे स्वरूप बदलणे हा आहे, इतकेच सांगितले. मानसिक आजार असलेल्या कर्मचाऱ्याचे प्रत्येक गैरवर्तन माफ होते, असा या निकालाचा अर्थ काढता येणार नाही. वर्तनाचा आजाराशी संबंध आहे की नाही हे आधी पाहावे लागेल, असा मात्र निश्चित काढता येतो. येथे एक मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतील लढाऊ कर्मचाऱ्यांची पदे नोकरीतील या संरक्षणातून वगळली. या अधिकाऱ्याचा हक्क त्यापूर्वीच निर्माण झालेला असल्याने त्याला ती अधिसूचना आड आली नाही.

कायदा काय सांगतो

या निकालाचा पाया दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आहे. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार असून मानसिक आजार हा त्यांपैकी एक आहे. अधिनियमाच्या कलम २० नुसार कोणत्याही शासकीय आस्थापनेला नोकरीच्या बाबतीत दिव्यांग व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही आणि अशा कर्मचाऱ्याला वाजवी सोयी पुरवणे बंधनकारक आहे. सेवेत असताना दिव्यांगत्व आले तर कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. जुने काम झेपत नसल्यास त्याच वेतनश्रेणीतील दुसरे पद द्यावे लागते. तेही शक्य नसेल तर सुयोग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोपर्यंत, त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे लागते. याच स्वरूपाची तरतूद १९९५ च्या जुन्या कायद्यातही होती, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

येथे ४० टक्क्यांच्या अटीविषयी मोठा गैरसमज आढळतो. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. वाजवी सोयींचा हक्क मात्र या टक्केवारीशी बांधलेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले. तो उमेदवार लिहिताना हात आखडण्याच्या विकाराने त्रस्त होता आणि लेखनिक मागत होता. प्रकरण मानसिक आजाराचे नव्हते, पण तत्त्व सर्वांना लागू पडते. दीर्घकालीन दुर्बलता असणे ही अट मात्र राहतेच. दोन आठवड्यांचा ताण या व्याख्येत बसत नाही.

मानसिक आजाराचे टक्के मोजायचे तरी कसे, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्यासाठी ‘आयडियाज’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. स्वतःची काळजी घेणे, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम या चार क्षेत्रांत व्यक्तीला किती अडचण येते याला गुण दिले जातात आणि आजाराचा कालावधीही विचारात घेतला जातो. प्रमाणपत्रासाठी केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावरून अर्ज करता येतो.

दुसरा कायदा म्हणजे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. हा कायदा रुग्णालयांसाठी आहे असे समजून कार्यालयांतून तो सहसा वाचला जात नाही. परंतु त्यातील काही कलमे थेट नोकरदाराच्या उपयोगाची आहेत. समाजात रूढ असलेली नैतिक, सांस्कृतिक किंवा कामाविषयीची मूल्ये एखादी व्यक्ती पाळत नाही, एवढ्यावरून तिला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही, असे कलम ३ मध्ये म्हटले आहे. वरिष्ठांशी न पटणाऱ्या माणसाला ‘डोके फिरले आहे’ असे कागदोपत्री ठरवण्याचा मार्ग यामुळे बंद होतो. शिवाय मानसिक आजाराचे निदान झाले म्हणजे व्यक्ती विकल मनाची ठरली असे होत नाही. ते ठरवण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचाच आहे.

कलम २३ गोपनीयतेविषयी आहे. उपचार करणाऱ्यांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक असून अपवाद मोजके आहेत. एखाद्या व्यवस्थापकाने दवाखान्यात दूरध्वनी करून “आमच्या माणसाला नेमके काय झाले आहे?” असे विचारले, तर रुग्णाच्या संमतीवाचून डॉक्टरांना उत्तर देता येत नाही. कलम २१ नुसार विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विमासंरक्षण देणे आवश्यक आहे. प्रत्यक्षात बहुतेक विमापत्रे रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचा खर्च देतात. बाह्यरुग्ण तपासणी आणि समुपदेशन यांचे पैसे बहुधा खिशातून जातात, आणि नोकरदाराचा खरा खर्च तोच असतो. कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती, अन्यथा सिद्ध झाले नसल्यास, तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ रोजी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतील कलम ३०९ ठेवण्यात आलेले नाही. पोलिसांत नोंद होईल आणि नोकरी जाईल या भीतीने अशा प्रसंगानंतर रुग्णाला दवाखान्यात न नेणाऱ्या कुटुंबांनी ही तरतूद जाणून घेतली पाहिजे.

खासगी क्षेत्रातील चित्र इतके आश्वासक नाही. पदावनती आणि अधिसंख्य पद यांविषयीची तरतूद शासकीय आस्थापनांपुरती आहे. खासगी आस्थापनांना समान संधी धोरण जाहीर करावे लागते. बऱ्याच ठिकाणी ते उतारवाट आणि लिफ्ट यांवरच थांबते. मानसिक आजाराचा शब्दही त्यात नसतो. तरीही हे धोरण मागून घेऊन वाचणे कर्मचाऱ्याच्या हिताचे असते, कारण तक्रार करायची वेळ आल्यास कंपनीने स्वतः लिहून दिलेल्या शब्दांवर बोट ठेवता येते. तक्रारीसाठी प्रत्येक राज्यात दिव्यांग व्यक्तींसाठी आयुक्त असतात. महाराष्ट्रात हे आयुक्तालय पुण्यात आहे.

सांगावे की न सांगावे

कायद्याचे हे सारे संरक्षण एका गोष्टीवर अवलंबून आहे, आणि तीच सर्वांत अवघड आहे. मालकाला आजार माहीतच नसेल तर त्याने सोयी न दिल्याचा आक्षेप टिकत नाही. सांगावे तर पदोन्नती हुकण्याची, कुजबुज होण्याची, महत्त्वाचे काम काढून घेतले जाण्याची भीती असते. ही भीती काल्पनिक आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. म्हणूनच आपल्याकडे मानसिक आजाराच्या रजा अर्जावर पित्त, पाठदुखी, रक्तदाब, ‘घरगुती अडचण’ अशी कारणे लिहिली जातात. त्या दिवसापुरती ही युक्ती चालते. पुढे चौकशी झालीच, तर मात्र उलट पडते: आजार होता असे कर्मचारी सांगतो आणि त्याच्याच अर्जांत त्याचा मागमूस नसतो.

सांगणे आणि न सांगणे यांच्या मधल्या पायऱ्या अनेक आहेत. पहिली पायरी म्हणजे दवाखान्यातील कागद. मानसोपचारतज्ज्ञाकडे पहिल्यांदा गेल्याची तारीख, औषधांच्या चिठ्ठ्या, रजेची प्रमाणपत्रे हे सारे तारखेनिहाय एका फायलीत ठेवावे. ती फाईल कोणाला दाखवायची सक्ती नाही. वाद उद्भवलाच तर आजार तक्रारीच्या आधीचा आहे हे तारखाच सांगतात; वर सांगितलेल्या खटल्यात उपचार २००९ पासून सुरू असल्याची नोंद होती. दुसरी पायरी म्हणजे निदानाचे नाव न घेता गरज सांगणे. “माझ्यावर वैद्यकीय उपचार सुरू आहेत, पुढील दोन महिने रात्रपाळी देऊ नये असा डॉक्टरांचा सल्ला आहे” एवढे पत्र आणि सोबत प्रमाणपत्र अनेकदा पुरते. सांगायचेच झाले तर ते पूर्ण विभागाला सांगण्याचे कारण नाही. आस्थापना शाखेला लेखी, पोच घेऊन कळवावे. थेट वरिष्ठ समजूतदार असेल तर त्याला तोंडी.

नोटीस आधीच आली असेल, तर तिला उत्तर न देणे ही सर्वांत महागात पडणारी चूक असते. नैराश्याचा स्वभावच असा, की पाकीट फोडण्याचेही बळ उरत नाही आणि मुदत निघून जाते. अशा वेळी घरच्या माणसाने किंवा संघटनेच्या प्रतिनिधीने बसून उत्तर लिहावे, आजाराचा स्पष्ट उल्लेख करावा, वैद्यकीय मंडळाकडून तपासणीची मागणी करावी आणि कामात बदल मागावा. शासकीय सेवेत असाल तर कलम २० चा उल्लेख त्याच पत्रात असावा.

ताण, थकवा आणि आजार

येथवर आजार हा शब्द वापरला आहे, पण कामाचा प्रत्येक त्रास आजार नसतो. मार्चअखेरीस हिशेब जुळवताना झोप उडते आणि एप्रिलमध्ये परत येते, तो ताण. ‘बर्नआऊट’ ही अवस्था त्याहून खोल. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिची तीन लक्षणे दिली आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही जाणीव. मात्र बर्नआऊट हा आजार नसून व्यवसायाशी निगडित अवस्था आहे, असे त्याच वर्गीकरणात स्पष्ट केले आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. अवस्थेची मुळे कामात असतील तर तिचा उपायही कामातच शोधावा लागतो.

नैराश्य सुटीच्या दिवशीही सुटी देत नाही. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक काळ मन खिन्न राहणे किंवा आवडीच्या गोष्टीतही रस न वाटणे, आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता यांत बिघाड होणे, निरुपयोगी असल्याची किंवा मरणाची भावना येणे, अशी त्याची ओळख सांगितली जाते. आपल्याकडे हे दुःख बऱ्याचदा शरीराच्या भाषेत बोलते. डोके जड, छातीत धडधड, पोटात जळजळ अशा तक्रारी घेऊन रुग्ण महिनोन्महिने तपासण्या करत राहतो आणि सर्व अहवाल ठीक येतात.

कामाची कोणती रचना मन मोडते, यावर जगात बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरसेक यांनी १९७९ मध्ये मांडलेली कल्पना आजही उपयोगी पडते. कामाचा बोजा जास्त असणे एवढेच घातक नसते. बोजा जास्त आणि तो कसा उचलायचा हे ठरवण्याचा अधिकार नगण्य, ही जोडी घातक असते. दूरध्वनी केंद्रातील कर्मचारी, वेळापत्रकाला जुंपलेला बसवाहक, प्रत्येक मिनिटाचा हिशेब द्यावा लागणारा गोदामातील कामगार यांच्यावर ती अधिक लागू पडते. तासांचा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्क्यांनी जास्त असतो. आठवड्याला ७० आणि ९० तास काम करण्याचे सल्ले देशातील काही उद्योगपतींनी अलीकडच्या वर्षांत जाहीरपणे दिले, तेव्हा या आकड्यांची फारशी आठवण कोणाला झाली नाही.

कंपन्यांकडून याला दिले जाणारे उत्तर बहुतांशी ठरावीक असते: वर्षातून एक व्याख्यान, योगासनांचे शिबिर, भ्रमणध्वनीवरील ध्यानाचे ॲप. ब्रिटनमधील २३३ संस्थांतील ४६ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या माहितीचे ऑक्सफर्ड विद्यापीठातील एका संशोधकाने केलेले विश्लेषण जानेवारी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा वैयक्तिक स्वरूपाच्या कार्यक्रमांत भाग घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य भाग न घेणाऱ्यांपेक्षा चांगले असल्याचे त्यात आढळले नाही. सेवाकार्यात सहभागाची संधी हा एकच अपवाद दिसला. जागतिक आरोग्य संघटनेच्या सप्टेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत कामाच्या रचनेत बदल आणि व्यवस्थापकांचे प्रशिक्षण यांची शिफारस आहे. व्यवस्थापकाने निदान करावे अशी अपेक्षा नाही. नेहमी नीट काम करणाऱ्या माणसाचे काम अचानक का बिघडले, हा प्रश्न त्याने नोटीस काढण्याआधी, एकांतात आणि आवाज न चढवता विचारावा, एवढी मात्र आहे.

औषधे आणि कामाचा दिवस

नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. मळमळ, सुस्ती, झोपेतील बदल यांसारखे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात. म्हणजे सुरुवातीचे काही दिवस आजारही असतो आणि औषधाचा त्रासही. रजा वापरायची असेल तर ती याच काळात उपयोगी पडते. बरे वाटू लागताच गोळ्या बंद करणे हे आजार उलटण्याचे नेहमीचे कारण आहे. बरे वाटल्यानंतरही साधारणपणे सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवण्याचा सल्ला दिला जातो, आणि ते थांबवायचे तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू.

वाहनचालक, यंत्रचालक आणि उंचावर काम करणाऱ्यांनी आपला व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगितला पाहिजे, कारण काही औषधांनी झापड येते. बायपोलर म्हणजे द्विध्रुवी विकारात झोपेची घडी मोडली की उन्मादाचा झटका येण्याची शक्यता वाढते. त्यामुळे फिरती पाळी बंद करणे ही अशा रुग्णासाठी औषधाइतकीच महत्त्वाची बाब ठरते. याच विकारावर दिल्या जाणाऱ्या लिथियमची रक्तातील पातळी ठरावीक काळाने तपासावी लागते. घाम फार जाऊन शरीरातील पाणी कमी झाले तर ती पातळी धोकादायक रीतीने वाढू शकते. भट्टीजवळ, भटारखान्यात किंवा उन्हात रस्त्यावर काम करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत वाजवी सोय म्हणजे पाण्याची, सावलीची आणि तपासणीसाठी अर्ध्या दिवसाच्या रजेची सोय, इतकी ती साधी असू शकते.

संघटित क्षेत्रातील कमी वेतनाच्या कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजनेचा आधार आहे. जानेवारी २०१७ मध्ये तिची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये करण्यात आली. आजारपणाच्या नेहमीच्या लाभात वर्षाला कमाल ९१ दिवस वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. दीर्घकालीन आजारांची एक यादी असून त्यांसाठी ८० टक्के दराने, अटींच्या अधीन, दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. स्किझोफ्रेनियासारखे तीव्र मानसिक आजार त्या यादीत आहेत. कामगारांच्या प्रतिनिधींनाही हे अनेकदा ठाऊक नसते.

हजेरीपट नसलेले कामगार

ज्यांना रजाच नाही त्यांचे काय, या प्रश्नाला वरील कायद्यांत थोडकेच उत्तर आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ७० हजार ९२४ व्यक्तींनी आत्महत्या केली आणि त्यांत २६.४ टक्के रोजंदारीवर काम करणारे होते. कोणत्याही व्यावसायिक गटापेक्षा हे प्रमाण मोठे आहे. नाक्यावरील मजुराचा, घरकामगार स्त्रीचा किंवा दुचाकीवरून जेवण पोहोचवणाऱ्या तरुणाचा आजार कोणत्याही गोपनीय अहवालात येत नाही; त्या दिवशीची मजुरी बुडते, इतकेच. त्यांच्यासाठी सरकारी दवाखाना हाच मार्ग आहे. शासनाच्या किंवा शासकीय अनुदानावरील सेवांमधून मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या अधिनियमाने प्रत्येकाला दिलेला हक्क आहे. १९९६ पासून राबवल्या जाणाऱ्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाद्वारे जिल्हा रुग्णालयांत मानसोपचार सेवा आणि औषधे देण्याची व्यवस्था आहे. शेत हेही कामाचे ठिकाणच, हे लक्षात घेऊन महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला होता.

दूरध्वनीवरील मदतीसाठी केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात किंवा जवळच्या रुग्णालयाची माहिती देतात. निम्हान्स ही या सेवेची शिखर संस्था आहे. संभाषणासाठी भाषा निवडता येते आणि त्यांत मराठीचा समावेश आहे. नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या आणि मनातले दुःख कामाच्या भाषेत सांगू न शकणाऱ्यांना याचा विशेष उपयोग होऊ शकतो. बोलणाऱ्याने आपण कोठे नोकरी करतो हे सांगण्याची गरज नसते. सशस्त्र दलांतील जवान आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी या सेवेचा स्वतंत्र कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्यातील सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात सुरू करण्यात आला.